सी भाषेत स्ट्रिंगमधील अक्षरे मोजताना या चुका टाळा

स्ट्रिंगमधील, म्हणजे कॅरेक्टरांच्या मालिकेतील, स्वर, व्यंजने, अंक आणि स्पेस मोजण्याचा प्रोग्राम सोपा समजला जातो, आणि त्यामुळेच त्यातील चुका फार काळ लपून राहतात. सेमीकोलन राहिला तर कंपायलर लगेच अडवतो. मोजणी चुकली तर मात्र पडद्यावर कोणता तरी आकडा येतोच आणि विद्यार्थी तोच जर्नलमध्ये उतरवून घेतो. सोलापुरात पहिल्या वर्षाचे प्रॅक्टिकल घेताना मी म्हणूनच आधी कागदावर उत्तर काढायला लावते. रोमन लिपीत सोलापूर हे नाव, मग एक स्पेस आणि त्यापुढे ४१३००१ हा पिनकोड लिहिला, तर त्यात ३ स्वर, ४ व्यंजने, ६ अंक आणि १ स्पेस, अशी एकूण १४ कॅरेक्टर भरतात. प्रोग्रामने याहून वेगळे काही छापले, तर त्या आकड्यावरूनच बहुतेक वेळा चूक कुठे झाली ते कळते.

अंक आणि स्पेस दोन्ही ० आले, तर दोष मोजणीत नसून इनपुटमध्ये आहे. स्कॅनएफ हे इनपुट घेणारे फंक्शन पर्सेंट एसने (स्ट्रिंग वाचण्याची खूण) वाचताना पहिल्या स्पेसपाशी थांबते, त्यामुळे पिनकोड स्ट्रिंग साठवणाऱ्या अ‍ॅरेपर्यंत पोहोचतच नाही. यावर उपाय म्हणून पूर्ण ओळ वाचणारे गेट्स हे फंक्शन वापरू नये. अ‍ॅरे किती मोठा आहे हे त्या फंक्शनला कळत नाही आणि २०११ च्या सी मानकातून ते काढूनही टाकले आहे. त्याऐवजी एफगेट्स वापरावे, पण ते एंटरची न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूणसुद्धा, अ‍ॅरेमध्ये ठेवते, हे विसरू नये. एकूण १४ ऐवजी १५ आले आणि विशेष चिन्हांत (बाकी उरलेल्या कॅरेक्टरांच्या मोजणीत) १ दिसला, तर ती ही न्यूलाइन होय. एफगेट्सच्या आधी स्कॅनएफने एखादी संख्या वाचली असेल, तर तिच्या मागे उरलेली न्यूलाइनच एफगेट्सच्या हाती लागते आणि स्ट्रिंग टाइप करण्याची संधीच मिळत नाही.

व्यंजने ११ आली, तर स्वर नसलेले सर्व काही एल्समध्ये (अट खोटी ठरल्यावर चालणाऱ्या भागात) ढकलले गेले आहे: ४ व्यंजने, ६ अंक आणि १ स्पेस मिळून ११ होतात. ते कॅरेक्टर मुळात अक्षर आहे का, हे आधी तपासावे आणि मगच स्वर की व्यंजन ते ठरवावे.

सर्वच कॅरेक्टर स्वर ठरली, तर अट नीट वाचावी. ‘सीएच बरोबर ए किंवा ई’ (सीएच म्हणजे तपासले जाणारे कॅरेक्टर) हे बोलताना बरोबर वाटते, पण सी भाषेत ‘किंवा’च्या पुढे एकटा उरलेला स्मॉल ई म्हणजे त्याचा आस्की कोड (कॅरेक्टरसाठी ठरवलेली संख्या) १०१ असतो, आणि शून्य नसलेली कोणतीही संख्या सत्य मानली जाते. प्रत्येक स्वरासाठी तुलना पूर्ण लिहावी लागते. दोनऐवजी एकच इक्वल टू चिन्ह टाकल्यानेही हाच परिणाम होतो. ‘ए नाही किंवा ई नाही’ अशी उलटी अट तर कायम सत्यच राहते. तिथे ‘आणि’ हवे.

आपल्या नमुन्यात कॅपिटल स्वर नसल्यामुळे एक चूक त्यातून सुटते, म्हणून अक्कलकोटही रोमन लिपीत, पहिले अक्षर कॅपिटल ठेवून तपासावे. ३ ऐवजी २ स्वर आले, तर फक्त स्मॉल स्वरांची तुलना झाली आहे. कॅपिटल ए पासून स्मॉल झेडपर्यंत एकच पट्टा घेणेही चुकीचे आहे, कारण आस्की कोडमध्ये ९० (कॅपिटल झेड) आणि ९७ (स्मॉल ए) यांच्या मध्ये अंडरस्कोअरसह सहा चिन्हे बसली आहेत.

अक्षर कॅपिटल आहे का ते सांगणाऱ्या इझअप्पर या फंक्शनचे उत्तर थेट मोजणीच्या काउंटरमध्ये मिळवणारे विद्यार्थी एका कॅपिटलसाठी २५६ आलेले पाहून गोंधळतात. अशी तपासणी करणारी फंक्शने ‘होय’ म्हणून १ च देतील असे मानक सांगत नाही, फक्त शून्य नसलेली संख्या देतील एवढेच सांगते. लिनक्सवर इझअप्परसाठी ती सहसा २५६ असते. इफ वापरून काउंटर एकाने वाढवावा. आकडा प्रत्येक वेळी निराळाच येत असेल, तर काउंटरला सुरुवातीला ० दिलेले नाही आणि त्यात गार्बेज व्हॅल्यू (मेमरीत आधीच असलेली निरर्थक संख्या) पडून आहे.

मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतून आलेली आमची मुले आपापल्या लिपीत नाव टाइप करून पाहतात, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. देवनागरीतील ‘सोलापूर’ची लांबी स्ट्रलेन हे फंक्शन २१ सांगते, कारण यूटीएफ-८ या, सर्व लिपी साठवण्याच्या पद्धतीमध्ये या तिन्ही लिपींचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. हे बाइट अनेक कंपायलरांवर ऋण कॅर (सी भाषेतील कॅरेक्टरचा प्रकार) म्हणून वाचले जातात आणि तसेच अक्षर आहे का ते तपासणाऱ्या इझअल्फाला दिले, तर परिणामाची कोणतीही हमी राहत नाही. म्हणून आधी अनसाइन्ड (ऋण नसलेल्या) कॅरमध्ये रूपांतर करावे. ज्या बाइटचे वरचे दोन बिट १० आहेत ते, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे पहिल्यानंतरचे बाइट, वगळले, तर मोजणी ७ येते. आपण मात्र सो, ला, पू, र अशी ४ अक्षरे वाचतो, आणि ती मोजण्यासाठी मात्रा मागच्या अक्षराला जोडण्याचे नियम प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे लिहावे लागतात.