जुन्या गाडीचा स्पीडोमीटर : चाकाकडून काट्याकडे

चाळीसच्या पुढे गेलं की आमच्या फियाटचा काटा थरथरायचा. मी सरळ मीटर बाहेर काढला, काच उघडली आणि थिनरचा बोळा डायलवरून फिरवला. ४० मधला चार कापसावर आला! दोष मीटरमध्ये नव्हताच, केबल कोरडी पडली होती. तेव्हा तुम्ही तरी मीटर शेवटी उघडा. चाकाकडून सुरुवात करा आणि काट्याकडे या.

आधी गाडी थोडी फिरवा. काट्याबरोबर किलोमीटरच्या आकड्यांवरही नजर ठेवा. दोन्ही बंद असतील तर केबल तुटली आहे, नाहीतर गियरबॉक्समध्ये केबल फिरवणारं दातेरी चाक झिजलं आहे. आकडे पळतात आणि काटा झोपलाय, म्हणजे केबल ठीक, दुखणं मीटरच्या पोटात. काटा उड्या मारतो किंवा डॅशमधून टिकटिक येते, तर केबलच पकडा. गाडी थांबली तरी काटा खाली यायला कुरकुरत असेल, तर बहुधा कुणीतरी ढीगभर ग्रीस भरलंय आणि ते केबलवाटे वर चढलंय.

केबलचं काम कुणालाही जमतं. मीटरमागची चाकी सोडा आणि आतली तार ओढून काढा. ती फरशीवर सरळ पसरा आणि एक टोक चिमटीत धरून हळू फिरवा. दुसरं टोक झटके देत असेल तर तारेला वाक आला आहे. ती बदला, सरळ करत बसू नका. तार चांगली असेल तर डिझेलमध्ये धुऊन, पुसून तिच्यावर ग्रीसचा नुसता हात फिरवा. पूर्ण आत घाला, वरून वीतभर बाहेर ओढा, तेवढा भाग कोरडा पुसा आणि परत ढकला. ग्रीस वर चढत नाही ते याच युक्तीमुळे. बसवताना केबलचं वळण जेवणाच्या ताटाच्या काठापेक्षा घट्ट नको, आणि मीटरपाशी शेवटचे दोन इंच तरी ती सरळ असू द्या.

आता गाडी आणि मीटर एकमेकांचे आहेत का, ते बघा. गियरबॉक्स बदललेला, मीटर भंगारातून आणलेला, असं जुन्या गाड्यांत सर्रास असतं. केबलचं वरचं टोक मोकळं ठेवा, त्याला कागदाचा बाण चिकटवा. सपाट रस्त्यावर २० मीटर मोजून खुणा करा, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकला आणि बाणाचे फेरे मोजा. फेरे गुणिले ५०, म्हणजे एका किलोमीटरचे फेरे. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरच्या डायलवर खाली एक बारीक आकडा असतो, तो बहुधा एका मैलाच्या फेऱ्यांचा. तिथे १००० असेल तर किलोमीटरला साधारण ६२१ फेरे हवेत, म्हणजे २० मीटरमध्ये साडेबाराला जरा कमी. तुमचे पंधरा भरले तर काट्याशी कितीही खेळा, गणित चुकीचंच राहणार. टायर मूळ मापापेक्षा लहान घातले तरी मीटर जास्त दाखवतो.

मग रस्ता. सांगली-मिरज रस्त्यावर हे करायला जाऊ नका, तिथे एका वेगाने शंभर मीटरही जाता येत नाही. मी मिरजेहून कवठेमहांकाळकडे जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग धरतो, रविवारी पहाटे. हंगामात गेलात तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे अडकाल. शेजारी बसलेल्याच्या हातात घड्याळ द्या. काटा ६० वर स्थिर धरा आणि किलोमीटरच्या दगडांमधला वेळ मोजा. ३६०० भागिले सेकंद, हा खरा वेग. साठ सेकंद लागले तर मीटर बरोबर, बहात्तर लागले तर तुम्ही पन्नासने चालला आहात. एका दगडावर विश्वासू नका, सलग पाच घ्या. मोबाइलचं जीपीएसही चालेल. ४० ला आणि ६० ला वेगवेगळी नोंद करा, कारण निदान तिथेच आहे. खरे ४० असताना ४६ आणि खरे ६० असताना ६६ दिसले तर काटा जागेवरून सरकला आहे. ४८ आणि ७२ दिसले तर चूक पटीत वाढतेय. अशा वेळी मीटरचे किलोमीटर दगडांशी जुळतात का ते बघा. तेही पटीत जास्त असतील तर फेऱ्यांच्या गणिताकडे परत जा. जुळत असतील तरच मीटर उघडा.

आत काय आहे? केबल एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती, त्याला न टेकता, अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत भोवरा-प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि ती चुंबकाच्या मागोमाग त्याच दिशेला ओढली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला अडवते. जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं.

बॅटरीची तार काढा, मगच मीटर बाहेर घ्या. बऱ्याच मीटरांची काचेभोवतीची कडी फिरवून खाचा जुळवल्या की निघते. डायलला फक्त मऊ कुंचला. फार जुन्या मीटरच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. रिक्षावर चिकटवतात ते रेडियम नव्हे, खरं किरणोत्सारी. तो खरवडू नका. काटा काढण्याआधी तो शून्यापाशी त्याला अडवणाऱ्या खिळीवरून अलगद उचलून पलीकडे सोडा आणि मोकळा कुठे थांबतो तिथे खूण करा. ही खूण विसरलात तर पुढची सगळी मेहनत अंदाजपंचे. मग डायलवर जाड कागद ठेवून दोन चहाच्या चमच्यांनी दोन्ही बाजूंनी काटा सारखा उचला. स्प्रिंगवर चढलेलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. हात थरथरत असेल तर एवढं काम घड्याळजीकडे द्या. मी दिलं.

जुळवणीला फक्त ड्रिल आणि घड्याळ लागतं. केबलच्या टोकासारखा चौकोनी तुकडा ड्रिलमध्ये धरून मीटर फिरवा. आकडे उलटे जायला लागले तर दिशा बदला. ड्रिलचा वेग असा धरा की मीटरवर एक किलोमीटर साठ सेकंदात पडेल. आकडे दात्यांवर चालतात, ते काट्यासारखे फसवत नाहीत. त्यामुळे काटा बरोबर ६० वर हवा. सरसकट तेवढीच चूक असेल तर काटा काढून तेवढा सरकवून बसवा. पटीतली चूक असेल तर स्प्रिंगची चालती लांबी बदला : आखूड केली की काटा कमी दाखवतो, वाढवली की जास्त. वयाने चुंबक मंदावलेला मीटर कमी दाखवतो, त्याची लांबी वाढवावी लागते. लांबी बदलल्यावर काटा पुन्हा मोकळ्या जागेच्या खुणेवर बसवा. मिरजेत सतारीची जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून नाद जुळवणारा कारागीर कानस एकदा फिरवतो आणि तार छेडून बघतो. इथेही एका वेळी केसभरच, आणि दरवेळी ४० व ६० दोन्ही तपासा.

साठला दोनेक किलोमीटर जास्त दाखवत असेल तर तसंच राहू द्या. कमी दाखवता कामा नये. कडी बसवण्याआधी काचेच्या आत बोटांचे ठसे राहिलेत का ते उजेडात बघा. माझा अंगठा अजून ८० च्या शेजारी आहे.