हॉब घेण्याआधी तवा मोजा

दुकानात हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची काचेची शेगडी, बघायला गेलं की नजर आधी काचेवर जाते, मग बर्नर मोजले जातात. सोलापूरच्या घरासाठी मोजायची पहिली वस्तू मात्र घरातच असते: भाकरीचा तवा. रोज भाकरी होणाऱ्या घरात तो दहा-बारा इंची, म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटरचा असतो. पुष्कळशा हॉबवरची बर्नरांची मांडणी कुकर, कढई आणि चहाचं भांडं धरून केलेली असते. तेव्हा नवी पेठेत निघण्याआधी एका चिठ्ठीवर चार मापं लिहून घ्या: तव्याचा व्यास, रोजच्या कुकरचा पोटाशी असलेला व्यास, सगळ्यात मोठ्या पातेल्याचा व्यास आणि ओट्याची पुढून मागे भिंतीपर्यंतची खोली.

पर्याय मोजकेच आहेत. ओट्यावर ठेवायची नेहमीची गॅस शेगडी, ओट्याचा दगड कापून त्यात बसवायचा गॅस हॉब आणि विजेवर चालणारे इंडक्शन किंवा इन्फ्रारेड. हॉबटॉप नावाचा एक मधला प्रकारही मिळतो. तो आज पायांवर ओट्यावर ठेवता येतो आणि उद्या दगड कापला की आत बसवता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी शेगडी किंवा हॉबटॉपच घ्यावा. दुसऱ्याच्या ओट्याला भोक पाडण्यात अर्थ नाही.

भाकरी आणि इंडक्शन

फक्त इंडक्शनवर स्वयंपाकघर चालवायचा विचार असेल तर भाकरीचं काय, हे आधी ठरवा. सुट्या इंडक्शनच्या काचेखालची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, साधारण १८ ते २० सेंटिमीटरची असते. तवा ३० सेंटिमीटरचा असला तरी तापतो तो कॉइलवरचा भाग, आणि लोखंडात उष्णता कडेपर्यंत हळूहळू सरकते. मग भाकरीला मधोमध काळे डाग पडतात आणि कडा पांढऱ्या, कच्च्या राहतात. जुन्या लोखंडी तव्याच्या बुडाला किंचित गोलावा असतो, त्यामुळे तो सपाट काचेवर डुगडुगतो आणि मध्ये तेवढा टेकतो. शिवाय भाकरीचा तवा कोरडा तापवावा लागतो. काचेखालचा सेन्सर हे तापमान धोक्याचं समजून वीज कमी करतो किंवा बंदच करतो, आणि तवा ऐन वेळी गार पडतो. शेवटी भाकरी विस्तवावर टाकून फुगवायची, ती सोयच नाही. खापराचा, ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा तवा तर इंडक्शन ओळखतच नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तरच ते चालतं.

इन्फ्रारेडमध्ये काचेखालची तार लाल तापते, त्यामुळे त्यावर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, आणि तारेची जाळी ठेवून भाकरी फुगवताही येते. पण ते तापायला वेळ घेतं आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. अधूनमधून दोन भाकऱ्या करायच्या तर ठीक, दहा माणसांच्या भाकऱ्या त्यावर उरकत नाहीत. कडक भाकरी करायची तर ती आधी नीट भाजून मग मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत ठेवावी लागते. त्याला आच सारखी आणि पसरट लागते. ते काम गॅसचं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. बहुतेक घरांना तीन बर्नरचा गॅस हॉब आणि जोडीला एक सुटं इंडक्शन पुरतं. दूध, चहा, भात, कुकर इंडक्शनवर गेले की मे महिन्यात स्वयंपाकघराची भट्टी थोडी निवते, कारण भांड्याच्या बाजूने वाया जाणारी आच तिथे नसते. दोन गॅस बर्नर आणि एक इंडक्शन एकाच काचेत असलेला जोडहॉब मात्र टाळलेला बरा. इंडक्शनचं कार्ड गेलं की दुरुस्तीसाठी सगळा हॉबच उचकटावा लागतो.

खर्चाचा हिशेब घरीच करता येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. गॅसची आच ६८ टक्के कामी येते आणि इंडक्शनची ८५ टक्क्यांच्या आसपास, असं धरलं तर एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १४५ युनिट लागतील. महावितरणच्या बिलावर तुमचे शेवटचे युनिट ज्या टप्प्यात पडतात, त्या टप्प्याचा सगळ्या आकारांसह दर घ्या, त्याला १४५ ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. बिलाची सरासरी धरू नका. नवे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.

२००० वॉटचं इंडक्शन नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतं, म्हणजे १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. मिक्सरच्या लहान पॉइंटला ॲडॉप्टर लावून चालवलं की प्लग वितळतो. ओट्यात बसणारं चार भागांचं इंडक्शन सात किलोवॉटच्या घरात जातं. त्याला वेगळी ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) लागतो, आणि महावितरणने घराला मंजूर केलेला भारही तपासावा लागतो.

बर्नर किती आणि कुठे

६० सेंटिमीटरच्या काचेवर चार बर्नर दिसायला भरगच्च दिसतात, पण तवा आणि कुकर एका वेळी शेजारी ठेवले की बाकीचे दोन नुसते शोभेचे उरतात. टेप घेऊन मोजा. तव्याच्या बर्नरच्या मध्यापासून शेजारच्या बर्नरच्या मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर तरी अंतर हवं: १५ तव्याचे, १२ कुकरचे आणि ३ हात फिरायला. त्याच बर्नरच्या मध्यापासून पुढच्या बटणांपर्यंत २० सेंटिमीटर हवेत. तवा बटणांवर आला की आच खालून परतते, बटणं मऊ पडतात आणि त्यांच्या भोवतीची काच नको तितकी तापते. मागच्या भिंतीकडेही असंच बघा; टाइल्सला तवा चिकटत असेल तर रोज काळा डाग पडणार.

बर्नरची ताकद किलोवॉटमध्ये लिहिलेली असते. लहान एकच्या आसपास, मधला पावणेदोन, मोठा तीन, आणि तिहेरी कड्यांचा चारच्या जवळ. एक किलोवॉटला तासाला सुमारे ७३ ग्रॅम एलपीजी लागतो, म्हणजे मोठा बर्नर पूर्ण उघडा ठेवला तर तासाला पाव किलोला थोडा कमी. भाकरीला मोठा बर्नर हवा, पण ज्वाळांचं कडं रुंद असलेला. कडं लहान असेल तर तवा मध्येच तापतो आणि इंडक्शनचंच रडगाणं पुन्हा सुरू. तिहेरी बर्नर पाहुण्यांच्या मोठ्या पातेल्याला उत्तम, मात्र त्याची आच फार खाली उतरत नाही.

खाली उतरणारी आच का हवी, तर शेंगा चटणीसाठी. दाणे मंद आचेवर सावकाश भाजले तरच ते आतपर्यंत खमंग होतात. दुकानात जोडणी दिलेला नमुना असेल तर लहान बर्नर अगदी बारीक करून बघा. ज्वाळा सगळीकडून सारखी आणि स्थिर राहिली पाहिजे, एका बाजूला विझता कामा नये. आणि चटणी कुटायचा खलबत्ता हॉबपासून लांब, शक्यतो जमिनीवर ठेवा. दगड कापलेल्या जागेजवळ रोज दणके बसले की आधी ओट्याला भेग जाते, मग काचेचा नंबर लागतो.

बर्नर पितळी असावेत. हलक्या मिश्रधातूची टोपी सततच्या आचेने वाकडी होते आणि मग ज्वाळा एका बाजूने उसळते. भांडी ठेवायचे स्टँड ओतीव लोखंडाचे जड असले की मोठं पातेलं हलत नाही. चहाच्या छोट्या भांड्यासाठी वेगळी लहान कडी मिळते, ती मागून घ्या. हॉबवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४२४६ हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या मानकात किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमतेची अट आहे.

ओटा कापण्याआधी

हॉब घरात येईपर्यंत दगड कापू नका. ६० सेंटिमीटरच्या हॉबला साधारण ५६ बाय ४९ चं भोक लागतं, पण मॉडेलगणिक माप बदलतं, आणि एक सेंटिमीटर जास्त कापलेला दगड परत जोडता येत नाही. ओटा ६० सेंटिमीटर खोल असेल तर पुढे-मागे मिळून ११ सेंटिमीटर दगड उरतो. गावातल्या जुन्या घरांत कडप्प्याचे ओटे आहेत. कडप्पा थरांचा आणि ठिसूळ असतो, त्यामुळे पुढची अरुंद पट्टी नेमकी तुटते. तिथे खालून लोखंडी अँगलचा आधार देऊन मगच कापायला सांगा. कारागिराला चारही कोपऱ्यांत आधी गोल भोक पाडायला लावा आणि मग सरळ कापू द्या. काटकोनी कोपऱ्यातूनच भेग सुरू होते. जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये बहुधा ग्रॅनाइट असतो, तो जास्त सोसतो, पण कोपऱ्यांचा नियम तोच.

उंचीही बदलते. शेगडीवर भांडं ओट्यापासून १२ ते १५ सेंटिमीटर उंच बसतं, हॉबवर चार-पाचच. नवा ओटा बांधत असाल तर हा फरक आधीच धरा, नाहीतर उंच बाईला तव्यावर वाकून भाकरी उलटावी लागते.

हॉबखालचं कपाट हवाबंद ठेवू नका. बऱ्याच हॉबचे बर्नर ज्वलनासाठी लागणारी हवा खालून घेतात. ती कमी पडली की ज्वाळा पिवळी होते आणि भांडी काळी पडतात. लोक मग गॅस खराब आला म्हणतात. सिलिंडर त्याच कपाटात उभा ठेवायचा असेल तर दाराला अगदी तळाशी जाळी हवीच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर फरशीवर साचतो. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. पाइपचा गॅस घेणार असाल तर जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदलूनच जोडणी करा. एलपीजीचं बारीक जेट पाइप गॅसवर ठेवलं तर ज्वाळा मरगळलेली येते. उलट केलं तर ती मोठी, पिवळी आणि धोकादायक होते.

पंखा, काच, खारं पाणी

उन्हाळ्यात स्वयंपाकघरात पंखा लावल्याशिवाय उभं राहवत नाही, आणि तोच मंद ज्वाळेचा शत्रू. त्यामुळे ज्वाळा विझल्यावर गॅस आपोआप तोडणारा हॉब घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. त्यात बर्नरजवळ एक बारीक दांडी असते. ती तापेपर्यंत, पाच ते दहा सेकंद, बटण दाबून धरावं लागतं. पुढे कधी बटण सोडताच बर्नर विझू लागला तर मेकॅनिक बोलवण्याआधी ही दांडी पुसा. उतू गेलेलं दूध, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची फोलपटं तिच्यावर करपून बसतात आणि तिला आच लागत नाही. ती ठीक चालते का, हे ओळखायला पेटलेला बर्नर बटणाने बंद करा आणि कान द्या. साधारण मिनिटाभरात आतून बारीक ‘टक्’ ऐकू येतो.

काच आठ मिलिमीटरची, कडक केलेली घ्या. तरी ती तीन गोष्टींनी फुटते: तापलेला तवा थेट काचेवर उतरवणं, गरम काचेवर ओलं फडकं किंवा गार पाणी, आणि दोन बर्नर झाकणारा तवा. काच हमीत आहे का, हे कागदावर वाचा. बऱ्याचदा ती वगळलेली असते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. गार काचेवर लिंबाची फोड किंवा व्हिनेगर फिरवून मऊ फडक्याने पुसा, तारेचा काथ्या लावू नका. बर्नरच्या टोप्या धुतल्या तर भोकं सुईने मोकळी करून पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओल्या टोपीची ज्वाळा तडतडते आणि खारं पाणी भोकांत क्षार सोडून जातं.

बसवणारा माणूस निघण्याआधी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून घ्या. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. मग पंखा सुरू ठेवून सगळे बर्नर सर्वांत बारीक आचेवर लावा, मोठ्या बर्नरवर स्वतःचा तवा ठेवा आणि एक भाकरी भाजून बघा. कडा आणि मध्य सारखे भाजले नाहीत तर जेट आणि टोपी त्याच्याच समोर तपासून घ्या. पुढे कधी गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.