क्रूझच्या थांब्यावर गाडी भाड्याने घेताय? या चुका टाळा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग झालं की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. जहाज कंपनीची सहल माणशी एवढे युरो, आपण चौघं-पाच जणं, म्हणजे तेवढ्या पैशात दिवसभराची गाडी सहज मिळते. मग बसमागे बस लावून कशाला फिरायचं? पैशांपुरता हा हिशेब बरोबर आहे. त्यात वेळ मात्र धरलेला नसतो, आणि बंदरावरच्या दिवशी पैशापेक्षा वेळच कमी पडतो. म्हणून आधी परतीची वेळ ठरवा, तिथून उलटं मोजत या, आणि गाडी त्यात बसत असेल तरच घ्या. एरवी घेऊ नका.

चूक पहिली आणि सर्वांत महागडी: जहाज ८ ला लागतं, म्हणजे दिवस ८ ला सुरू होतो असं समजणं

वेळापत्रकात लिहिलेली वेळ धक्क्याला लागण्याची असते. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय प्रवाशांना उतरू देत नाहीत, आणि तेव्हाही हजारो माणसं एकाच शिडीकडे निघालेली असतात. मोठ्या मालवाहू बंदरांत चालत बाहेर पडायला बंदी असते, त्यामुळे शटल बसची रांग आलीच. इटलीतल्या लिव्होर्नोला तसंच आहे. तिथून पुढे गाडीच्या कार्यालयात पोचायचं, तर तिथे तुमच्याच जहाजातली वीस कुटुंबं तुमच्या आधी उभी असतात.

म्हणजे ८ ला लागलेल्या जहाजातून उतरून किल्ली हातात पडेपर्यंत दहा वाजले, तर ते ठीकठाक झालं असं समजा. आता दुसरं टोक बघा. जहाज ६ ला सुटणार असेल, तर सगळ्यांनी आत येण्याची वेळ सहसा त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणजे ५. गाडी परत करणं, पेट्रोल भरणं, शटल, सुरक्षा तपासणी यासाठी दीड तास हाताशी ठेवायला हवा. म्हणजे साडेतीनला गाडी कार्यालयाच्या दारात. कागदावर दहा तासांचा वाटणारा दिवस प्रत्यक्षात साडेपाच तासांचा होतो, आणि जाण्या-येण्याचं अंतर त्यातूनच कापायचं असतं.

यातच घड्याळाचा घोळ होतो. काही जहाजं बंदराची स्थानिक वेळ न पाळता स्वतःचीच वेळ चालू ठेवतात. मोबाइल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच आपोआप वेळ बदलतो. एक तासाचा फरक पडला की संपलं. उतरताना शिडीजवळ लावलेली परतीची वेळ फोटो काढून ठेवा आणि एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून हातात घाला.

जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी त्या प्रवाशांना स्वखर्चाने पुढच्या बंदरावर पोचवते. स्वतः गाडी घेऊन गेलेल्यांसाठी मात्र जहाज थांबत नाही. सहलीला जादा पैसे मोजतो त्यातला मोठा भाग या हमीचा असतो, हे लक्षात ठेवूनच दोन्हींची तुलना करा.

चूक दुसरी: गाडी नको त्या बंदरात घेणं

'रोम' म्हणून जे बंदर दाखवतात ते सिव्हितावेक्किया. तिथून रोम ७५-८० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या थोडं पुढे. अंतर ऐकून वाटतं, एवढंच? पण रोममध्ये गाडी लावायची कुठे, हा प्रश्न उरतोच. सिव्हितावेक्कियाहून रोमला थेट रेल्वे आहे, ती घ्यावी. त्याच बंदरातून गाडी घ्यायची असेल तर तार्किनियाला जा. वीसेक किलोमीटरवर इट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी तिथे नांदलेल्या लोकांची रंगवलेली थडगी आहेत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि तिथे गर्दीही रोमसारखी नसते.

लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर. तिथेही रेल्वेच बरी. पीसा आणि लुक्का एकत्र करायचं असेल तर गाडीचा उपयोग होतो, पण शहराच्या तटबंदीबाहेर लावून आत चालत जायचं. फ्रान्समधल्या ल हाव्रहून पॅरिस दोनशे किलोमीटर आहे. बंदराच्या एका दिवसात स्वतः चालवत तिथे जाऊन येणं मला अजिबात शहाणपणाचं वाटत नाही. ग्रीसमध्ये पिरेयसहून अथेन्सला मेट्रो जाते.

सँटोरिनीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे हमखास फसगत होते. जहाज काल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखातल्या खाडीत, नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या होड्यांनी फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात उतरवतात. तिथून वर जायला केबल कार, नाहीतर सुमारे ६०० पायऱ्या. गाड्यांचा रस्ता त्या धक्क्यापर्यंत येतच नाही. 'सँटोरिनी पोर्ट' म्हणून केलेलं बुकिंग बहुतेक वेळा अथिनिओसचं असतं, जिथे फेरीबोटी लागतात. ते बेटाच्या वेगळ्या भागात आहे. गाडी घ्यायचीच असेल तर फिरा गावातून घ्या, आणि परतताना केबल कारच्या रांगेसाठी भरपूर वेळ ठेवा.

याउलट कॉर्फू, सार्डिनिया अशा बेटांवर ठिकाणं विखुरलेली असतात आणि बसेस कमी, तिथे गाडीचा खरा आनंद मिळतो. परदेशात पहिल्यांदाच चालवणार असाल तर मी लंकावी सुचवेन. सिंगापूरहून निघणाऱ्या काही क्रूझ तिथे थांबतात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, बेट आटोपशीर, रस्ते उत्तम.

जिथे जहाज नांगर टाकून होडीने उतरवतं, तिथे समुद्र खवळला की थांबाच रद्द होतो. अशा बंदरासाठी आगाऊ पैसे भरून ठेवू नका. फुकट रद्द करता येणारं बुकिंग घ्या. बुकिंग करताना जहाजाचं नाव आणि येण्याची वेळ कळवा, कारण ठरलेल्या वेळेनंतर थोडाच काळ गाडी राखून ठेवतात.

पुण्यातूनच होणाऱ्या चुका

खरं सांगायचं तर काउंटरवर गाडी नाकारली जाते, त्याची कारणं बहुतेकदा इथेच तयार झालेली असतात.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून मिळतो. एमएच १२ वाल्यांना संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच १४ वाल्यांना पिंपरी-चिंचवडचं. अर्ज नमुना ४-ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्जाला पूर्वी पासपोर्टसोबत व्हिसाची प्रतही लागायची, २०२१ मध्ये ती अट काढली, म्हणून शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची) वाट न बघता आयडीपी काढून ठेवा. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. इटली आणि ग्रीसमध्ये भारतीय परवान्यासोबत तो लागतोच. चीनच्या मुख्य भूमीवर तो चालत नाही, आणि श्रीलंकेत त्यावर वेगळी स्थानिक मान्यता घ्यावी लागते.

आयडीपी म्हणजे मूळ परवान्याची जोड, त्याची जागा तो घेत नाही. मूळ स्मार्टकार्ड सोबत हवं. डिजिलॉकरमधला परवाना इथे वाहतूक पोलिसाला दाखवता येतो, नेपल्समधल्या काउंटरवर त्याला कुणी विचारत नाही. परवान्यावर फक्त चारचाकी असेल तर बेटावर स्कूटर घेऊ नका. अपघात झाला तर विमा हात वर करतो.

नावं जुळवून पाहा. आपल्या परवान्यावर कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर पूर्ण नाव. क्रेडिट कार्डवर तिसरंच काही. काउंटरवरच्या माणसाला आपली नावांची पद्धत ठाऊक नसते. निदान पासपोर्ट, आयडीपी आणि कार्ड यांवरचं नाव एकसारखं हवं.

आता कार्ड. आपल्याकडे परदेशी निघताना फॉरेक्स कार्ड भरून घ्यायची पद्धत आहे आणि बाकी खर्चाला ते उत्तम. गाडीच्या अनामत रकमेसाठी मात्र बहुतेक कंपन्या प्रीपेड कार्ड घेत नाहीत, मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्डच मागतात. मुलाने बुकिंग केलं, गाडी वडील चालवणार, कार्ड मुलाचं, असं चालत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेत का, तेही निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये बघा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जहाजावरच्या खर्चासाठीही तुमच्या कार्डावर रक्कम अडकवून ठेवलेली असते. त्याच कार्डावर गाडीची अनामत अडकवायला गेलात तर मर्यादा संपलेली असू शकते, आणि भरपूर पैसे असूनही कार्ड नाकारलं जातं. जहाजाला एक कार्ड, गाडीला दुसरं.

ज्येष्ठ मंडळींसाठी: काही देशांत सत्तरी-पंचाहत्तरीपुढच्या चालकाला गाडी देत नाहीत किंवा जादा पैसे घेतात. पंचविशीच्या आतल्यांनाही जादा आकार असतो. अटी बुकिंगआधी वाचा. मुलं असतील तर चाइल्ड सीट आधीच मागा. इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती सक्तीची आहे, मांडीवर घेऊन बसता येत नाही. आणि युरोपात साधी गाडी म्हणजे गिअरची. ऑटोमॅटिक हवी असेल तर स्पष्ट मागावी लागते, ती महाग असते आणि लवकर संपते. मी तरी उजवीकडच्या वाहतुकीत ऑटोमॅटिकच घ्या असं म्हणेन. गिअर उजव्या हाताला, रस्ता अनोळखी आणि मनात जहाजाची घाई, एवढं सगळं एकदम नको.

किल्ली हातात आल्यावर

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी, चाकांच्या रिमसकट, काचांसकट व्हिडिओ काढा. साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बरेचदा धरलेला नसतो, आणि बेटांवरच्या कच्च्या रस्त्यांवर नुकसान नेमकं तिथेच होतं. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात लिहून घ्या. नाव नसलेल्याच्या हातून काही झालं तर सगळा भुर्दंड आपल्यावर.

पहिली पंधरा मिनिटं वळण घेताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होईल, कारण तिथे दांड्या उलट असतात. त्याने काही बिघडत नाही. खरा धोका डावीकडे वळताना असतो. सवयीने माणूस डाव्या लेनमध्येच शिरतो, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणाला मोठ्याने 'उजवीकडे राहा' म्हणायचं, एवढं काम त्याला नेमून द्या. चौकातल्या बेटाला तिथे उलट दिशेने, घड्याळाच्या काट्याविरुद्ध वळसा घालतात. पुण्यात सिग्नलला डावीकडे सटकायची सवय असते. युरोपात लाल असताना उजवीकडे वळणं सहसा गुन्हा आहे.

इटलीत सर्वांत जास्त लोक अडकतात ते झेडटीएलमध्ये. फ्लॉरेन्स, पीसा, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी फक्त परवानाधारक गाड्यांना प्रवेश असतो. ना फाटक, ना पोलीस, फक्त पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि वर कॅमेरा. चुकून आत शिरलात तरी दंड लागतोच. गूगल मॅप्स हे दरवेळी सांगेलच असं नाही. परदेशी राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला इटलीत ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे पुढच्या गणपतीतही कोथरूडच्या पत्त्यावर लिफाफा येऊ शकतो. त्याआधी गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल आपलं शुल्क कार्डातून कापते, ते दंडापेक्षा वेगळं.

नकाशे जहाजावर चढण्याआधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. भर समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर हवा. जहाजाचं नेटवर्क आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं आणि बिल डोळे पांढरे करतं.

गडबड झालीच तर

पासपोर्ट सोबत असेल तर निम्म्या अडचणी सुटतात. काही जहाजं प्रवासाच्या सुरुवातीला पासपोर्ट ताब्यात घेतात, म्हणून गाडी घ्यायच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन विचारा. जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचाही फोटो काढा.

रस्त्यात अडकलात आणि उशीर होणार हे दिसलं, तर शेवटच्या मिनिटाची वाट न बघता त्या एजंटला फोन करा. गाडी कार्यालयापर्यंत नेण्याइतका वेळ नसेल, तर कंपनीला फोन करून बंदराजवळच्या वाहनतळावर ठेवू का असं विचारा. त्याचा दंड बसेल, पण पुढच्या बंदरापर्यंत पाच जणांची विमानाची तिकिटं काढण्यापेक्षा तो बरा. जहाज सुटलंच तर पुढचा प्रवास स्वतःच्या खर्चाने. इथे व्हिसा कळीचा ठरतो. मार्गात तुर्कस्तानसारखा शेंगेनबाहेरचा देश असेल आणि तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर परत आत शिरता येत नाही. बहुप्रवेश व्हिसाच मागा.

अपघात झाला तर युरोपीय संघात सगळीकडे ११२. किरकोळ खरचटलं असलं तरी कागद झाल्याशिवाय निघू नका, नाहीतर विमा मिळत नाही. पंक्चरसाठी बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त फवाऱ्याचा डबा असतो. तो कुठे आहे ते निघतानाच विचारा. आणि पेट्रोल भरताना इटलीत 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल, 'गॅसोलियो' म्हणजे डिझेल. घाईत उलट भरलं गेलं तर गाडी सुरूही करू नका, कंपनीला फोन करा.

परत करायच्या वेळी कार्यालय बंद असणं ही इटली-ग्रीसमधली नेहमीची गोष्ट. दुपारी काही तास सुट्टी, रविवारी अनेक ठिकाणी पूर्ण बंद. किल्ली पेटीत टाकून निघालात तर कुणी येऊन तपासेपर्यंत गाडी तुमच्याच जबाबदारीवर असते. जिथे लावली ती जागा, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा आणि चारही बाजू यांचे फोटो काढा, शेवटच्या पेट्रोलची पावती जपून ठेवा, आणि अनामत रक्कम कार्डावर परत येईपर्यंत यातलं काहीही पुसू नका.