आंब्याची पिकअप घाटात तापते तेव्हा

पाडवा झाला की रत्नागिरी, लांज्याकडचा माल कोल्हापूरच्या यार्डाकडे निघतो. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं की एखाद्या वळणावर हमखास कुणाची तरी पिकअप बोनेट वर करून उभी दिसते. ड्रायव्हर कॅन घेऊन पाणी शोधतोय आणि मागे ताडपत्रीखाली पेट्या उकडतायत. गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल तर पहिली पेटी भरण्याआधी एक सकाळ तिच्यासाठी काढा.

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘गाडी तापते’ म्हणू नका. तेवढ्यावर मिस्त्री हाताला येईल ते बदलत सुटतो. ती तापते कधी, हे सांगा. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये किंवा हातखंब्याला वाहनांच्या रांगेत तापते, पण सपाटीला पळाली की काटा खाली येतो? मग वारा कमी पडतोय. पंखा, बेल्ट आणि जाळी बघा. याउलट हायवेला पळतानाच काटा चढत असेल तर वाऱ्याला तोटा नाही, पाणी फिरत नाहीये. रेडिएटर आतून क्षारांनी बुजला असेल, पाण्याचा पंप थकला असेल किंवा खालचा होज पाईप ओढला जाऊन चपटा होत असेल. हा पाईप उभ्या गाडीत रेस करून बघता येतो.

आता पंखा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो बेल्टवर चालतो आणि मध्ये तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवा. थोडा जड लागला तर ठीक. भिंगरीसारखा गरागरा फिरत राहिला किंवा क्लचभोवती तेलाचे ओघळ दिसले तर घाट चढताना तो वारा देणार नाही. बेल्ट दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण बोटाच्या जाडीइतका दबला पाहिजे. आतल्या बाजूला चिरा असतील तर बदला आणि जुना सीटखाली ठेवा, अडीअडचणीला चालतो. पुष्कळ गाड्यांत हाच बेल्ट वॉटर पंप आणि अल्टरनेटरही फिरवतो. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला समजा आणि लगेच थांबा.

रेडिएटरची जाळी आपल्याकडे लाल मातीने आणि किड्यांनी बुजते. पॅकिंगचा पेंढा खळ्यात उडत असतो, तोही अडकतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर असं पाणी मारा, साध्या नळीने. सर्व्हिसिंगच्या प्रेशरने मारलं तर पातळ पत्रे आडवे होतात आणि होता तो वाराही बंद होतो. एसी असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, खरा कचरा त्या दोन्हींच्या फटीत असतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्तात सुटणारा दोष तिथेच असतो. उघडं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली झाली की हा दाब राहत नाही, आणि बाकी सगळं ठीक असूनही पाणी बाहेर येतं. गाडी थंड झाल्यावर वरचा पाईप आत ओढल्यासारखा चेपलेला दिसला तर झाकणाचा आतला छोटा वॉल्व्ह अडकलाय.

थर्मोस्टॅट, म्हणजे आपला ‘वॉल’. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. घाटात गाडी तापली की तो काढून फेकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. माझ्याही गाडीचा एका मिस्त्रीने काढला होता. पावसाळ्यात इंजिन गरमच होईना, डिझेल जास्त जायला लागलं आणि उन्हाळ्यात घाटात तापायची ती तापलीच. काही इंजिनांत वॉल काढला की बायपासची वाट उघडी राहते आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. त्यापेक्षा तो तपासा. जुन्या टोपात पाणी घ्या, वॉल दोऱ्याने त्यात लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस पेटवा. वॉलवर बहुतेक अंश छापलेले असतात, ८२ किंवा त्याच्या जवळपास. पाण्याला वाफा येऊ लागल्या की मधली चकती हळूहळू वर उचलली जाते. पाणी खळखळून उकळलं तरी ती हलली नाही तर नवा आणा.

पाण्याचं म्हणाल तर विहिरीचं पाणी प्यायला गोड लागलं म्हणून रेडिएटरला चालतं असं नाही. त्यातले क्षार आत थर धरतात, आणि घाटमाथ्यावर बोअरचं पाणी भरलं तर लवकरच. बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेला कूलंट मिळतो, त्यात पुन्हा पाणी नको. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नका, काही वेळा आत गाळ धरतो. नुसता रंग जुळला म्हणजे जात जुळली असंही नाही.

पाणी रोज कमी होतंय पण खाली थेंब दिसत नाही? पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथे सुकलेला डाग बघा. तोही नसेल तर ऑइलची कांडी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आला किंवा सकाळी स्टार्ट केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे सुरू झाले, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या पॅकिंगचा संशय घ्या. तपासून घेतल्याशिवाय अशा गाडीत माल भरू नका.

आणि घाटात तापलीच तर? काटा नुसता चढतोय, वाफ नाही, तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा आणि सावलीत बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ स्लोवर ठेवा. वाफ निघाली किंवा पाणी सांडलं तर मात्र इंजिन लगेच बंद. एकदा माझा काटा लालपर्यंत गेला आणि अचानक खाली आला. मी खूश, गाडी निवली म्हणून. प्रत्यक्षात पाणी इतकं उतरलं होतं की सेन्सर कोरडा पडला होता आणि काटा खोटं बोलत होता. ते वळण चढेपर्यंत हेड वाकलं.

झाकणाला तासभर तरी हात लावू नका. मग जाड फडकं धरून अर्धा आटा फिरवा, फुस्कारा संपू द्या, तेव्हाच काढा. तापल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी भसकन ओतलं तर हेडला तडा जातो. निवल्यावर इंजिन चालू करून थोडं थोडं ओता.

एवढं करूनही माल भरून निघायचं ते पहाटे तीनच्या सुमारास निघा, म्हणजे घाट उन्हाआधी मागे पडतो. ताडपत्रीच्या कडा पुढून थोड्या मोकळ्या ठेवा, फळाला वारा लागू द्या.

राहता राहिला काढलेला जुना कूलंट. तो चवीला गोड असतो आणि विषारी. गोठ्याजवळ किंवा विहिरीच्या कडेला ओतलात तर कुत्रं चाटतं, वासरू तोंड घालतं. कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि गॅरेजवर जमा करा.