डिस्क इमेज आहे म्हणून निवांत बसलात? या चुका टाळा

डिस्क मेली की दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "भाऊ, इमेज शे ना आपली!" इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल. कधीची, कुठे ठेवलीय आणि परत टाकून कोणी बघितली का, हे विचारलं की मग डोकं खाजवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इमेजलाच डेटाचा बॅकअप समजणं. इमेजमध्ये विंडोज, ड्रायव्हर, प्रिंटर, टॅली असं सगळं मशीन येतं, पण ते इमेज घेतली त्या दिवसाचं. धुळ्याच्या एका आडत दुकानात इमेज अखाजीची (अक्षय तृतीयेची) होती आणि डिस्क मेली दिवाळीच्या तोंडावर. नवीन मशीन आलं २५६ जीबीच्या एनव्हीएमईचं (वेगवान एसएसडीचं). जुनी डिस्क ५०० जीबीची, भरलेली जेमतेम ९०. तरी विंडोजच्या सिस्टिम इमेजनं नकार दिला, कारण त्याला मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच डिस्क लागते. (क्लोनझिला या इमेजच्या सॉफ्टवेअरचंही मुळात तेच. मॅक्रियम हे दुसरं सॉफ्टवेअर पार्टिशन लहान करून उतरवतं, पण त्याची फुकट आवृत्ती बंद झाली.) ५०० ची डिस्क आणून जुन्या मशीनवर इमेज उतरवली आणि ती नव्याला जोडली, तर मशीन बूट होईना. जुनं विंडोज लेगसी-एमबीआरवर (बूट व्हायची जुनी पद्धत) आणि नव्या बोर्डाला फक्त यूईएफआय (नवी पद्धत) चालतं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून, शिफ्ट-एफ१० दाबून एमबीआर-टू-जीपीटी हे डिस्क नव्या पद्धतीत बदलणारं साधन चालवलं, आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसला. टॅली उघडली तर शेवटची हिशोबपट्टी अखाजीची! पुढच्या सहा महिन्यांच्या एंट्र्या कागदांवरून पुन्हा मारत बसावं लागलं.

म्हणून टॅलीचा बॅकअप रोज शटर पाडायच्या आधी घ्या: ऑल्ट-वाय, मग बॅकअप. दोन पेनड्राइव्ह आलटूनपालटून वापरा, त्यातला एक घरी न्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याचाच सगळ्यांना कंटाळा. इमेज तीन महिन्यांनी घेतली तरी चालते, आणि ती घेताना टॅली बंद ठेवा. शॅडो कॉपी (चालू विंडोजची नक्कल घ्यायची सोय) उघडी फाइलही उचलते, पण ती अर्धवट लिहिलेली असेल तर अर्धवटच उचलते.

डी ड्राइव्हवर इमेज ठेवू नका. ती बहुतेक मशीनमध्ये वेगळी डिस्क नसते, त्याच डिस्कचा तुकडा असतो.

बाहेरची डिस्क कायम जोडलेली ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की इमेजही जाते.

इन्क्रिमेंटलची (आधीच्या फाइलनंतरचे फक्त बदल घेणाऱ्या इमेजची) साखळी लोक कौतुकानं महिनोन्‌महिने लांबवतात. रविवारी पूर्ण इमेज आणि पुढे रोज फक्त बदल असतील, तर बुधवारची फाइल खराब होताच गुरुवारपासूनचं सगळं निरुपयोगी. जागा करायला मधलीच फाइल हातानं उडवणारे महाभागही आहेत. त्यापेक्षा डिफरेन्शियल बरी, ती दर वेळी पूर्ण इमेजनंतरचे सगळे बदल घेते: जागा जास्त खाते, पण परत आणायला पूर्ण इमेज आणि एकच फाइल लागते.

डिस्क कटकट आवाज करायला लागली की तिच्यावर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन) चालवू नका. डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची नक्कल काढणारं साधन वापरा आणि मॅपफाइल (कुठवर उचललं याची नोंद) द्या. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब सेक्टरवर नंतर येतं, आणि मध्ये लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. साधं इमेजिंग सॉफ्टवेअर अशा डिस्कवर बहुधा पहिल्याच एररला थांबतं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ड्राइव्ह उघडा असताना घेतलेली इमेज बहुधा लॉक नसते, तिला सॉफ्टवेअरचाच पासवर्ड घाला.

इमेज उतरवल्यावर निळी स्क्रीन आणि "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" दिसलं, तर लगेच फॉरमॅट मारू नका. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बघा. जुन्या मशीनवर एएचसीआय आणि नव्यावर रेड किंवा व्हीएमडी असेल, तर जुना मोड लावा.

काळ्या यूएसबी २.० पोर्टला डिस्क लावून "हँग झालं" म्हणत केबल उपटू नका. सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तास. निळं पोर्ट वापरा आणि मशीन यूपीएसवर ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हे काम पहाटे लावा, दुपारी बाहेरची डिस्क आधीच तापलेली असते.

इमेजच्या सॉफ्टवेअरमधलं "व्हेरिफाय" हिरवं आलं म्हणजे फाइल शाबूत आहे एवढंच. मशीन चालू होईल की नाही, ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून बूट केल्याशिवाय कळत नाही. तसं करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची सही (डिस्कचा ओळख क्रमांक) सारखी असल्यानं, एकत्र जोडल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.