लिडारचा आलेख वाचण्याआधी: नव्या संशोधकासाठी तपासण्यांचा क्रम

लिडार म्हणजे आकाशात लेसरचे स्पंद सोडून हवेतून परत आलेला प्रकाश दुर्बिणीने टिपणारं यंत्र. त्याचा आलेख चुकीचा असला तरी देखणाच दिसतो. म्हणून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी या यंत्राकडे येणाऱ्यांनी एरोसोलचा (हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा) थर शोधण्याआधी यंत्र तपासायला शिकावं. खालचा क्रम ५३२ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेसरसाठी आहे. लेसर आणि दुर्बीण शेजारी-शेजारी उभी आहेत असं धरलं आहे.

हा वर्ग ४ चा लेसर आहे. चष्मा ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींना अडवणारा हवा, कारण हिरव्या किरणासोबत उरलेला १०६४ चा किरण डोळ्यांना दिसत नाही. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. आकाशात किरण सोडण्यापूर्वी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्या.

जुळणीसाठी, म्हणजे किरण दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात आणण्यासाठी, चंद्र नसलेली, निरभ्र रात्र निवडा. जवळचा सिग्नल सर्वांत मोठा येईल तिथे किरण वळवणारा आरसा थांबवणं ही नेहमीची चूक. तसं केल्यावर किरण दुर्बिणीकडे कलतो आणि वर गेल्यावर तिच्या दृष्टिक्षेत्रातून निसटतो. त्याऐवजी ८ ते १० किलोमीटरवरचा सिग्नल बघत आरसा एका दिशेने फिरवा. सिग्नल निम्मा झाला की स्क्रूची स्थिती लिहा, मग उलट दिशेने निम्मा होईपर्यंत जा आणि दोन्हींच्या मधोमध थांबा. दुसऱ्या अक्षासाठीही हेच करा. दृष्टिक्षेत्र १ मिलिरेडियन असेल तर १० किलोमीटरवर ते १० मीटरचं वर्तुळ होतं. किरण त्याच्या कडेला असला तरी सिग्नल पूर्ण दिसतो, पण पहाटे तापमान उतरलं की तो बाहेर पडतो.

आता दुर्बिणीवर झाकण ठेवा, लेसर मात्र चालूच राहू द्या. ही डार्क नोंद. लेसर बंद ठेवून ती घेतली तर लेसरच्या फ्लॅशलॅम्पचा आणि स्पंद सोडणाऱ्या क्यू-स्विचचा विद्युत गोंगाट त्यात येत नाही, आणि वजा करायचा असतो नेमका तोच. ॲनालॉग चॅनेलसाठी (जो फोटॉन एकेक न मोजता विद्युतप्रवाह मोजतो) ही नोंद दर रात्री घ्या.

शून्य अंतर कुठे आहे ते ठरवायला माहीत असलेल्या अंतरावरचा पडदा किंवा ज्ञात लांबीचा ऑप्टिकल फायबर वापरा. नोंदीतली ५० नॅनोसेकंदांची एक पायरी म्हणजे ७.५ मीटर, कारण प्रकाश जाऊन परत येतो. सिग्नलला अंतराच्या वर्गाने गुणताना एका पायरीची चूक १५० मीटरवर सुमारे १० टक्के फरक पाडते, ३ किलोमीटरवर अर्धा टक्का. जमिनीलगतचा 'थर' बऱ्याचदा इथूनच जन्माला येतो.

फोटॉन मोजणीत डेड टाइम, म्हणजे एक फोटॉन मोजल्यावर पुढचा मोजता न येणारा क्षण, विसरू नका. मोजलेला दर आणि डेड टाइम यांचा गुणाकार १ मधून वजा करा आणि मोजलेल्या दराला त्या संख्येने भागा. डेड टाइम ४ नॅनोसेकंद असेल तर १० मेगाहर्ट्झला दुरुस्ती ४ टक्क्यांची, ५० मेगाहर्ट्झला २५ टक्क्यांची. एवढ्या मोठ्या दुरुस्तीवर भिस्त ठेवू नये. तिथे ॲनालॉग सिग्नल घ्यावा.

टेलिकव्हर चाचणी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. दुर्बिणीचा तीन चतुर्थांश भाग झाकून, उघडा चतुर्थांश दर वेळी बदलत, उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि पुन्हा उत्तर अशा नोंदी घ्या. वरच्या उंचीवर सगळ्या एका पातळीला आणा. खाली, किरण दुर्बिणीच्या क्षेत्रात पूर्ण आलेला नसतो तिथे, त्या वेगळ्या येणारच. तो टप्पा ओलांडल्यावरही फरक उरला तर प्रकाश कुठेतरी कापला जातोय किंवा फिल्टरवर तिरका पडतोय. दोन्ही उत्तर नोंदी जुळल्या नाहीत तर हवाच बदलली आहे, चाचणी पुन्हा घ्या.

(१९८० च्या दशकात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत अरगॉन-आयन लेसरचा बायस्टॅटिक लिडार उभा राहिला. त्यात लेसर आणि दुर्बीण एकमेकांपासून दूर असतात आणि उंची कोनांवरून काढतात. त्यामुळे तिथे तपासण्यांचं गणितच निराळं.)

शेवटी रेले फिट, म्हणजे फक्त हवेच्या रेणूंकडून अपेक्षित असलेल्या सिग्नलशी तुलना. जवळच्या केंद्राच्या रेडिओसाँडवरून (बलूनला बांधून वर सोडलेल्या हवामानयंत्रावरून) हवेची घनता घ्या. बलून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडतात, त्यातली वेळेने जवळची नोंद निवडा. त्यावरून काढलेला रेणूंचा सिग्नल एरोसोल नसलेल्या उंचीवर तुमच्या सिग्नलवर ठेवून बघा. तुमचा सिग्नल वर जाताना जास्त वेगाने घसरत असेल तर जुळणी बिघडली आहे. तो रेणूंच्या रेषेच्या वर तरंगत असेल तर पार्श्वभूमीचा प्रकाश कमी वजा झाला आहे, जवळच्या प्रखर प्रकाशाने फोटोमल्टिप्लायरमध्ये (प्रकाश टिपणाऱ्या नळीत) सिग्नलचं शेपूट उरलं आहे, किंवा वर विरळ सिरस ढग आहे. ढग असेल तर फिटची उंची बदला.

इथवर सगळं जुळलं की सिग्नलवरून एरोसोलचं प्रमाण काढणारी फर्नाल्ड पद्धत लावा. त्यासाठीचं लिडार गुणोत्तर (कण प्रकाश किती क्षीण करतात आणि किती मागे परतवतात याचं गुणोत्तर) मात्र गृहीत धरावं लागतं: सागरी मिठाला साधारण २० ते २५ स्टेरेडियन, वाळवंटी धुळीला ५० च्या आसपास, धुराला ६० ते ७०. कोकण किनाऱ्यावर एकाच रात्री खालच्या थरात मीठ आणि वर धूर असू शकतो. म्हणून दोन-तीन मूल्यांनी गणित करून उत्तर किती हलतं ते आलेखावर दाखवा.