कोळ्याची नवी प्रजाती जाहीर करण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या अंबाझरीपासून उमरेडच्या जंगलापर्यंत कोळी शोधत फिरणारी पोरं वाढली, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती घाईची. डीएनएचा अहवाल हातात पडला की लगेच नव्या प्रजातीचं नाव ठरतं, आणि ते निस्तरायला पुढच्या अभ्यासकांची वर्षं जातात.

एकाच जनुकावर प्रजातीची हद्द आखणं

प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साधारण ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा स्वस्तात वाचून मिळतो, म्हणून सगळे तिथेच थांबतात. पण हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे आईकडून आलेलं. बिळात राहणाऱ्या केसाळ कोळ्यांत मादी सहसा बीळ सोडून लांब जात नाही. वयात आलेला नर मात्र मादीच्या शोधात हिंडतो. त्यामुळे दोन टेकड्यांवरच्या माद्यांचं सीओआय खूप वेगळं दिसतं, तरी नरांमार्फत पेशीच्या केंद्रकातली (आई-बाप दोघांकडून आलेली) जनुकं मिसळत असू शकतात.

एक विद्यार्थिनी रामटेककडचे आणि उमरेडकडचे कोळी घेऊन आली होती. वंशवृक्षाला दोन ठळक फांद्या, दोन्हींची नावंही ठरलेली. मी विचारलं, "मौदा, कुही इथले नमुने कुठे आहेत?" एकही नव्हता. मधला सगळा पट्टा सोडून दोन टोकं घेतली, तर फट दिसणारच! ती पावसाळ्यात पुन्हा गेली, मधल्या गावांतून माद्या आणि फिरते नर आणले. फट भरून निघाली. केंद्रकातली जनुकं दोन्हीकडे मिसळलेली होती, नरांच्या पाल्पातही (तोंडाजवळच्या, मादीला वीर्य देण्याच्या अवयवातही) फरक सापडला नाही. प्रजाती एकच. संगणकाने पाडलेले गट म्हणजे कित्येकदा एकाच प्रजातीच्या स्थानिक वस्त्या असतात.

पिल्लांवरून आणि रंगावरून ओळख

नराचा पाल्प आणि मादीचं एपिगाइन (पोटाखालचं जननद्वाराचं कवच) पूर्ण वाढल्याशिवाय बहुतेक कोळ्यांची खात्रीची ओळख होत नाही. फुलांवरचे काही खेकडा-कोळी तर पांढऱ्याचे पिवळे होतात, आणि अल्कोहोलमध्ये रंग उडतो तो वेगळाच. मी एपिगाइन काढून, लवंग तेलात पारदर्शक करून आतल्या शुक्राणूपिशव्या पाहिल्याशिवाय मत देत नाही. पाल्प नेहमी डावाच काढते, म्हणजे जुन्या चित्रांशी ताडता येतो. मोबाइलच्या फोटोवरून नाव विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

बाभळीवरच्या सामाजिक कोळ्याच्या, स्टेगोडायफस सारासिनोरमच्या, एकाच घरट्यातले दहा कोळी म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत. ते आपसातच प्रजनन करतात, म्हणून नमुने वेगवेगळ्या घरट्यांतून घ्या.

जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातला सर्वांत जवळचा जुळणारा क्रम म्हणजे ओळख नव्हे. तिथेही चुकीच्या नावाने टाकलेले क्रम आहेत.

नमुने ठेवायला डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल, शरीररचनेसाठी ७०. नागपूरच्या मे महिन्यात अल्कोहोल भराभर उडतं, म्हणून बाटल्या दर आठवड्याला बघा.

डीएनएसाठी अख्खा कोळी कुटून टाकू नका. मी एका बाजूचा तिसरा पाय घेते; पहिल्या पायावरचे काटे आणि मापं वर्णनाला लागतात. उरलेला कोळी, त्याच क्रमांकाची चिठ्ठी बाटलीच्या आत टाकून, सार्वजनिक संग्रहात जमा करा. घरच्या कपाटात ठेवलेला होलोटाइप (नव्या प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्यावर बेतलेलं असतं तो) दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही, आणि नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार तो कुठल्या संग्रहात जाणार हे वर्णनात लिहावंच लागतं.